चूल पेटवू नोका, माय

"उद्या चूल पेटवू नोका, माय."

मामा दारात उभे राहून हे म्हणायचे. आधी चपला उंबऱ्याबाहेर काढायचे, मग हातातल्या वाटीतले कुंकवात कालवलेले तांदूळ समोरच्याच्या तळहातावर ठेवायचे, मग कोणाच्या घरचं जेवण आहे ते सांगायचे आणि शेवटी हे वाक्य. आत या म्हटलं तर यायचे नाहीत. आत यायचंच नव्हतं तर चपला का काढायच्या, असं मी एकदा विचारलं. "आवतन पायात चपला घालून देत नसते," म्हणाले. जसं काही मी फारच अडाणी प्रश्न विचारला होता.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, नाहीतर होऊन गेला असेल. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या या गावात पाट्या तेलुगूत, बाजार हिंदीत आणि भांडणं मराठीत होतात. जेवणावळीचं बोलावणं मात्र मामांच्या तोंडून आलं तरच खरं. कोणाचे मामा हे विचारू नका. एक बहीण होती मुधोळला, तिला मूलबाळ नव्हतं. म्हणजे हे कोणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्या गावाचे. लग्न केलं नाही, की झालं नाही, यावर दोन मतं होती. घर आमच्याच आळीत, आणि गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचा भाजीचा लहानसा तुकडा होता. सकाळी वांगी विकायची आणि उरलेला दिवस लोकांना लोकांच्या घरी जेवायला बोलवायचं.

आमचं भांड्यांचं दुकान. मोठे गंज, पराती, झारे पंगतीसाठी भाड्याने देतो. त्यामुळे गावात कोणाकडे जेवण आहे हे घरच्यांच्या खालोखाल मला कळतं आणि माझ्या खालोखाल मामांना कळायचं. त्यांना हा क्रम मान्य नव्हता.

आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं. घरटी एक, म्हणजे घरातून एकाच माणसानं जेवायला जायचं. आणि चूलबंद, म्हणजे म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर. चूलबंद आवतन घेतलं की त्या घरात त्या दिवशी काही शिजवायचं नाही. शिजवलं तर बोलावणाऱ्याचा अपमान. आता चुली गेल्या, गॅस आले, पण नियम तोच राहिला. आणि तो पाळला जातो की नाही हे बघायचा मक्ता मामांनी स्वतःकडे घेतला होता.

पंगतीच्या दिवशी ते सकाळपासून आळीतून फिरायचे. कान दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरांकडे. कुठे कुकरची शिट्टी वाजली की थांबलेच. "काऊन माय, शिट्टी वाजली?" हे ते असं मोठ्यानं विचारायचे, की चार घरांचे पडदे हलायचे. कुणाची शिट्टी कशी वाजते हेही त्यांना पाठ होतं. कोणाची कापरी, कोणाची लांब, कोणाच्या कुकरचं रबर गेलेलं. बायका त्यांना घाबरायच्या. मी सुद्धा एकदा चहा उकळताना पातेल्यावर झाकण ठेवलं नाही, न जाणो खडखडलं तर.

आता हे सगळं गमतीचं वाटतं. पण मामा काही देवमाणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या समोरच किराणावाल्या शेटजींचं घर आणि पुढे दुकान. गावात एक लग्न होतं, चूलबंद आवतन होतं आणि शेटजींचे वडील आजारी होते. म्हाताऱ्याला लग्नाचं तेलकट चालत नव्हतं, म्हणून शेटाणीनं मुगाची खिचडी लावली. शिट्टी झाली. मामा दारात.

"लग्नघरचं अन्न गोड लागत नाई का तुमाले?"

शेटाणीनं सांगितलं, बाबांसाठी आहे. मामा म्हणाले, आजाऱ्यासाठी लग्नघरी मऊ भात वेगळा काढतात, तिथून न्यायचा. शेटजींनी हात जोडले. आळी जमली. कोणीतरी हसलं. शेवटी शेटजींनी स्वतः जाऊन गॅस बंद केला. लग्नातली पंगत लांबली आणि मऊ भात कोणाच्या लक्षात राहिला नाही. म्हातारा त्या दुपारी उपाशी राहिला. आतून त्याचा "सूनबाई, झालं का?" असा आवाज येत होता, तो मी माझ्या दुकानात ऐकला. फार चीड आली होती मला. मामा मात्र संध्याकाळी छाती काढून सांगत होते की आज आळीत एक चूल पेटू दिली नाही.

त्यांचा अजून एक नियम होता. बोलावणं नाकारणाऱ्याचं नाव यजमानाला कधी सांगायचं नाही. "आवतन देनाऱ्यानं ते पोटात ठेवा लागते. मालकाले सांगतलं की दोन घरं तुटते." आयुष्यभर त्यांनी किती जणांचे नकार पोटात ठेवले असतील, कोण जाणे. त्याबाबतीत माणूस पक्का होता.

तर एकदा काय झालं, समुद्रापलीकडे कुठल्याशा देशात मोठा भूकंप झाला. माझ्या दुकानात छोटा टीव्ही आहे. मामा परत आलेले गंज मोजून घ्यायला बसले होते आणि टीव्हीवर तिकडची माणसं दाखवत होते. पडलेल्या घरांपुढे, उघड्यावर, हातात रिकामी ताटली घेऊन उभी. लांबच लांब रांग. मामांनी गंज खाली ठेवला.

"ताट घेऊन उभे हायेत," ते म्हणाले. "इतके लोक, अन् बलवणारं कोनी नाई."

त्यांना तेवढंच दिसलं होतं. घरं पडली, माणसं गेली, हे सगळं आपण बघतो. मामांना दिसलं की ही माणसं न बोलावता जेवायला उभी आहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आधी हसू आलं आणि मग माझंच तोंड मी टीव्हीकडे फिरवलं.

दोन-तीन दिवस ते त्याच विचारात होते. मग येऊन म्हणाले, "जेवण करतो. माह्या घरी. लोकं जेवतीन, अन् डब्यात ज्याले जे टाकायचं ते टाकतीन. तिकडल्यायले पाठवू." देशाचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, म्हणून 'तिकडले'. माझी भाची बँकेत आहे. तिनं मदतनिधीचं खातं शोधून दिलं. भांड्यांचं भाडं मी घेणार नाही म्हटलं, तर रागावले. मग वांग्यांवर मिटलं.

आता तुमच्या लक्षात आलं का? ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी गाव बोलावलं, त्याच्या स्वतःच्या घरी कधीच काही कार्य झालं नव्हतं. ना लग्न, ना बारसं. स्वतःच्या नावानं आवतन द्यायची ही त्यांची पहिलीच वेळ. भूकंपवाल्यांचं दुःख खरंच होतं, खोटं नाही म्हणत. पण मामांनी त्या आठवड्यात नवं धोतर आणलं, घराला चुना लावला आणि वाटी राखेनं घासून सोन्यासारखी केली. गाव आपल्या दारात जेवायला येणार, या नुसत्या कल्पनेनं हा माणूस उजळून निघाला होता.

पहिलं आवतन त्यांनी शेटजींच्या दुकानाकडेच नेलं. तिथल्या बाकावर रोज संध्याकाळी मंडळी बसते. शेटजी असतात आणि निवृत्त गिरदावर साहेब असतात. साहेब तहसील कचेरीतून निवृत्त झाले तरी कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. मामा रोज संध्याकाळी याच बाकाच्या टोकाला बसायचे आणि ही मंडळी त्यांची टर उडवायची. मामा याला मैत्री म्हणायचे.

त्या दिवशी त्यांनी बाकापुढे रस्त्यावर चपला काढल्या. तांदूळ पुढे केले.

"सायेब, रविवारी चूल पेटवू नोका."

"कोनाच्या घरचं?" गिरदावर साहेबांनी विचारलं. विचारायची पद्धतच असते.

 इतकी वर्षं या प्रश्नाला मामांकडे तयार उत्तर असायचं, अमक्या पाटलांच्या घरचं, तमक्या गुरुजींच्या घरचं. त्यांनी एकदा वाटीत पाहिलं.

"माह्या घरचं," म्हणाले. इतक्या हळू, की साहेबांनी कानामागे हात धरला.

"कोनाच्या?"

"माह्या घरचं, सायेब."

बाकावर कोणीतरी खोकलं. साहेब म्हणाले, "तू भीमपूरच्या पलीकडं कधी गेला नाई, अन् समुद्रापार जेवू घालून राह्यला?" सगळे हसले. मामाही हसले. "आपल्या नाल्याले पूर आलता तवा तिकडून कोन आलतं?" असं एकानं विचारलं. यावर मामा म्हणाले, "त्यायले कोनी सांगतलं नसन." याहून मोठं हसू झालं.

मग साहेब एकदम गंभीर झाले आणि कचेरीतल्यासारखा हात वर केला. "दरखास्त मंजूर. घरादारासकट येतो."

"सरे, सरे," शेटजी म्हणाले. दुकानदारीच्या सवयीनं त्यांचा होकार तेलुगूतच निघतो. "आमीही चूलबंद."

मामांनी दोघांच्या हातावर तांदूळ ठेवले. मग आळीतल्या प्रत्येक दारात चपला काढल्या, प्रत्येक दारात 'माह्या घरचं' म्हटलं. प्रत्येक दारातून 'येतो' आलं. एकाही घरानं नाही म्हटलं नाही. संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा पाय सुजले होते आणि आवाज बसला होता. "माय, एकबी नकार नाई. पयल्यांदा असं झालं."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ज्या गावात मुख्यमंत्र्यांच्या सभेलाही चार घरं नाही म्हणतात, तिथं सगळीच्या सगळी हो म्हणाली. नंतर शेटाणीनंच मला सगळं सांगितलं. मामा वळले आणि बाकावर बोलणं सुरू झालं. गिरदावर साहेब म्हणाले, "गाव याच्या तोंडाकडं पाहून येते असं वाटते याले. आवतन घराचं असते, देनाऱ्याचं नसते. एकदा समजू दे." शेटजी म्हणाले, जेवायला बोलावतो आणि डबा ठेवतो, हे काय हॉटेल आहे? मग साहेबांनी फर्मान काढलं. सगळ्यांनी हो म्हणायचं आणि कोणी जायचं नाही. मजा येईल. आळीत घरोघर निरोप गेला आणि तो मामांच्या आवतनापेक्षा लवकर पोचला. फक्त आमच्या घरी आला नाही, कारण भांडी आमची होती.

रविवारी मी सासूबाईंना घेऊन गेले. मामांनी अंगणात कनात बांधली होती, सतरंज्या टाकल्या होत्या, पत्रावळी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. दाराशी स्टुलावर पितळी डबा, त्याला हळदकुंकू. आत आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या आणि बुंदी. वांगी सगळी त्यांच्याच वाफ्यातली. नवं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून मामा अंगणाच्या तोंडाशी उभे. जेवायची वेळ झाली. मग होऊन गेली.

सासूबाईंना ऐकू येत नाही. त्या एका ओळीच्या टोकाला बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बाकीचे काऊन नाई आले?"

"येऊन राह्यले," मामा म्हणाले.

आणि तेवढ्यात समोरच्या अंगाला शिट्टी वाजली. कुकरची. मामांची मान आपोआप तिकडे वळली. मग दुसऱ्या बाजूनं एक. मग पाठीमागून एक लांबलचक. थोड्या वेळानं सगळी आळीच शिट्ट्या द्यायला लागली. काही घरांनी तर मुद्दाम आवाज येईल अशा बेतानं कुकर खिडकीत आणला असावा. हा गिरदावर साहेबांच्याच डोक्यातला भाग होता म्हणे. कुठूनतरी कोंडलेलं हसूही ऐकू आलं.

मी मामांकडे पाहिलं. म्हटलं आता हा माणूस ओरडेल, जाऊन एकेका दारात उभा राहील. ते जागचे हलले नाहीत. नुसतं ऐकत होते. ओठ हलत होते.

"ही सायेबाची," म्हणाले. "रबर बदलाले सांगतलं होतं मी."

मग समोरून एक बसकी, अर्धवट शिट्टी आली. मामा सतरंजीवर खाली बसले.

"ही शेटजीची. खिचडीची हाय." मग म्हणाले, "म्हातारा उपाशी रायला होता, माय, त्या दिवशी. मले मालूम होतं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं तेही पोटातच ठेवलं होतं, नकारांसारखं. मला त्यांचा राग आला, शेटजींचा राग आला आणि सगळ्यांत जास्त साहेबांचा आला. शेटजींना निदान कारण होतं. साहेबांना फक्त रविवारची करमणूक हवी होती.

सासूबाई जेवल्या. बुंदी दोनदा घेतली. मी दोन घास कसेबसे गिळले. आम्ही दोघींनी डब्यात टाकायचं ते टाकलं. मामांनी आत जाऊन भाजीच्या पैशांच्या पेटीतलं होतं नव्हतं ते आणून टाकलं. मी म्हटलं, "मामा, कापसाच्या जिनिंगच्या आवारात हमाल असतीन. त्यायले बलवा. इतकं अन्न हाय."

"उरलं म्हणून बलवनं हे आवतन नव्हे," ते म्हणाले.

मी खूप बोलले. बोलायला हवं तितकं बोलले. भुकेल्यांच्या नावानं शिजवलेलं अन्न असं टाकायचं का, अंगात रग किती असावी, असं सगळं.  उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळपर्यंत भाजी आंबली. ती त्यांनी वांग्यांच्या वाफ्यात ओतली. स्वतः कणभरही खाल्लं नाही. माझे गंज मात्र असे घासून आणून दिले, की नवे असताना तसे नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर मंडळी वाटच बघत होती.

"काय मामा, कशी झाली पंगत? आमाले ऐनवेळी काम निघालं," साहेब म्हणाले.

मी गल्ल्यावरून मान वर केली. मामा थांबले. 

"पानं कमी पडले, सायेब," म्हणाले आणि पुढे गेले.

बाकावर कोणी हसलं नाही. म्हणजे साहेब हसले, पण एकटेच. मी नंतर मामांना विचारलं, असं का सांगितलं? म्हणाले, "कोन आलं नाई ते मालकाले सांगत नसते." आता मालक तर तेच होते. मी हे म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

त्यानंतर त्यांनी कोणाचंच आवतन दिलं नाही. लोक आले बोलवायला. गळा बसला म्हणाले. गावाचं काही अडलं नाही. आता आवतन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, खाली गणपती, वर फुलं. चूलबंद आहे की घरटी एक, हे कोणी लिहीत नाही आणि कोणी विचारत नाही. मामा बाकाकडे फिरकले नाहीत. वांगी द्यायला माझ्याकडे यायचे आणि दर खेपेला एकच विचारायचे.

"पोचलं का, माय?"

"पोचलं. भाचीनं दुसऱ्याच दिवशी पाठवलं."

"जेवले असतीन?"

"जेवले असतीन, मामा."

मग जायचे. त्या पैशांत तिकडं कोणाचं किती पोट भरलं असेल, ते मला काय माहीत. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. अजूनही म्हणेन.

कापूस वेचणीच्या दिवसांत ते गेले. दोन दिवस वांगी आली नाहीत, म्हणून मी बघायला गेले. खाटेवर होते, तोंड दाराकडे. चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या, स्वतःच्याच घराच्या. मी तिथंच बसून रडले. या माणसासाठी गावात रडणारी मी एकटीच असेन, असं वाटलं आणि त्याचंही रडू आलं.

मुधोळहून बहीण आली. तेरवीचं जेवण तिनं केलं. मला विचारलं, "इथं आवतन कोन देते?"  शेवटी गिरदावर साहेबांनीच गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'आपले लाडके मामा' वगैरे, आणि शेवटी 'चूलबंद'. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

तेरवीला सगळे आले. तीच कनात, माझेच गंज. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं झालं. असा माणूस होणे नाही, असं गिरदावर साहेब पोळी मोडता मोडता म्हणाले. शेटजी खाली मान घालून जेवले आणि कोणाशी बोलले नाहीत. पानं खरोखरच कमी पडली. बहिणीला वाटलं, भावाची गावात केवढी माया. तिला मी काही सांगितलं नाही. मीही आता ते पोटात ठेवायला शिकले आहे.

मामांचा पितळी डबा मी हात धुवायच्या जागेजवळ स्टुलावर ठेवला होता. मुद्दामच. लोक त्याच्यासमोरून गेले. साहेबांनी थांबून झाकण उघडलं, आत सुपारी नाही असं पाहून पुन्हा लावलं.

मी अंगणाच्या तोंडाशी, मामा उभे होते तिथं जाऊन उभी राहिले आणि कान दिला. समोर शेटजींचं घर, पलीकडे साहेबांचं, मागे सगळी आळी. भर जेवणाची वेळ होती आणि एकाही घरातून शिट्टी येत नव्हती.